मावशीचा रिपोर्ट: क्रिएटिनिन की सिस्टॅटिन सी, हिमोग्लोबिन की फेरिटिन?

माझ्या थोरल्या मावशीचं वय ७४, वजन ४२ किलो. मावसभावाने तिचा रिपोर्ट फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, "किडनी नॉर्मल आहे, रक्त थोडं कमी आहे. वयाने असणारच ना? अजून एखादं पॅकेज करू का?" क्रिएटिनिन १.१, शेजारी छापलेली रेंज ०.६ ते १.२. हिमोग्लोबिन १०.४. मी लॅबमध्ये काम करते, असे रिपोर्ट रोज हातातून जातात आणि "वयाने असणारच" हे काउंटरवर सतत कानावर पडतं. घरच्या माणसाच्या रिपोर्टखाली ते वाचलं तेव्हा मात्र पोटात कालवलं.

आईचा किंवा सासूबाईंचा असाच कागद हातात घेऊन पुढची कुठली तपासणी करावी या विचारात जे बसले असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषध डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर कुठला आकडा ठेवायचा, हे बऱ्याचदा घरातच ठरतं.

क्रिएटिनिन की सिस्टॅटिन सी

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. रक्तात साचायला लागलं की किडनी मंदावली असं आपण समजतो. पण ज्या अंगावर मांसच उरलेलं नाही, तिथे ते तयारच कमी होतं. मावशीने हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. तिचं रक्त काढताना मी लहान मुलांसाठी ठेवलेली बारीक सुई घेते. अशा हातातलं १.१ आणि एखाद्या धडधाकट तरुणाचं १.१ एकच कसं असेल?

म्हणून क्रिएटिनिनचा नुसता आकडा वाचू नका, ईजीएफआर वाचा. वय आणि लिंग धरून किडनी मिनिटाला किती गाळते, याचा तो अंदाज असतो. तो काढायच्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात १.१ घातलं तर तीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण ९३ येतो. मावशीचा येतो ५३. साठच्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबला मागा, त्यासाठी वेगळं रक्त लागत नाही. माझ्या मते साठीपुढच्या बाईचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट ईजीएफआरशिवाय हातात देऊच नये.

सिस्टॅटिन सी हे प्रथिनही किडनीच गाळते, पण ते शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायू किती उरलेत यावर ते फारसं अवलंबून नसतं. बारीक झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, लकवा होऊन गेलेल्या बाईचा क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर खऱ्यापेक्षा चांगला दिसू शकतो. म्हणजे ५३ हाही कदाचित खोटा दिलासाच असतो. तिथे सिस्टॅटिन सीला पैसे घालावेत. किडनीच्या आजारावरच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय केडिगो मार्गदर्शक सूचनाही जिथे शक्य असेल तिथे दोन्ही मिळून काढलेला ईजीएफआर वापरा असंच सांगतात.

पण हा आकडाही बिनचूक नाही. थायरॉईड आटोक्यात नसेल, सांधेदुखीसाठी स्टेरॉइड चालू असेल, वजन खूप असेल किंवा अंगात कुठे दाह असेल, तर किडनीचा संबंध नसतानाही सिस्टॅटिन सी इकडेतिकडे होतं. शिवाय ही तपासणी महाग आहे आणि छोट्या गावातून नमुना मोठ्या लॅबला पाठवावा लागतो. म्हणून अंगाने बऱ्यापैकी भरलेल्या, हिंडत्याफिरत्या बाईसाठी मी आधी क्रिएटिनिनच करायला सांगते आणि उरलेले पैसे लघवीच्या तपासणीकडे वळवते.

लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण, म्हणजे एसीआर, सकाळच्या पहिल्या लघवीवर करतात. ३० च्या आत असेल तर ठीक. रक्तातले आकडे बरे दिसत असतानाही किडनीची चाळणी गळायला लागली असेल तर ते इथे कळतं, खासकरून मधुमेह आणि बीपी असलेल्यांना. पॅकेजच्या यादीत चाळीस-पन्नास चाचण्या असतात, पण ही बऱ्याचदा नसते. लघवीला जळजळ किंवा ताप असताना मात्र करू नका, उगाच वाढलेली येईल.

युरियावर फार वेळ घालवत नाही. पाणी कमी प्यायलं तरी वाढतो. फक्त क्रिएटिनिन जागेवर आणि युरिया एकटाच चढलेला असेल तर पोटात रक्तस्राव तर नाही ना, ही शंका डॉक्टरांच्या कानावर घाला.

हिमोग्लोबिन की फेरिटिन

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, असं जागतिक आरोग्य संघटना धरते. सत्तरीसाठी वेगळी सवलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले ५७ टक्के महिला ॲनिमिक हे २०१९-२१ चं मोजमाप सगळ्यांनी ऐकलंय, पण ते १५ ते ४९ वयाच्या बायकांचं आहे. आपल्या आया त्या मोजणीत नाहीतच. त्यांनी "अंगात रक्त नाही गं" म्हणायचं आणि आपण बीट-खजूर आणून द्यायचे, इथेच बहुतेक घरांत विषय संपतो.

हिमोग्लोबिन रक्त कमी आहे एवढंच सांगतं, का कमी आहे ते सांगत नाही. त्यासाठी लोहाचे दोन आकडे लागतात. आमच्या सांगलीकडे हळद पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, साठवायचे, त्यावरून मी हे समजावते. फेरिटिन म्हणजे पेवातला साठा. ट्रान्सफेरिन संपृक्तता म्हणजे गाडीत भरून वाटेला लागलेला माल. पेव भरलेलं असून गाड्या रिकाम्या असं होऊ शकतं. शरीरात दाह असेल किंवा किडनी मंदावली असेल तर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पेवाचं तोंड बंद करतं. त्याच दाहात फेरिटिन वरही चढतं. म्हणून फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोह नक्की कमी आहे, पण नॉर्मल आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं म्हणता येत नाही.

मावशीचं फेरिटिन आलं ८५. रेंजमध्ये. लोह ४० आणि लोह वाहण्याची एकूण क्षमता २६०, म्हणजे संपृक्तता १५ टक्के. किडनी शाबूत असलेल्या बाईचं ८५ बघून कुणी पुढे गेलं असतं. किडनीच्या आजारात मात्र फेरिटिन १०० च्या खाली आणि संपृक्तता २० च्या खाली असेल तर साठाच अपुरा धरतात. म्हणूनच माझा क्रम ठरलेला आहे: आधी किडनी, मग फेरिटिन. पहिला आकडा माहीत नसेल तर दुसरा कुठल्या मापाने वाचायचा?

नुसतं सीरम आयर्न मात्र करू नका. ते दिवसभरात वरखाली होतं आणि सकाळी लोहाची गोळी घेऊन आलात तर छान फुगलेलं दिसतं. सकाळी उपाशीपोटी, संपृक्ततेसहितच करा.

बी-१२ साठी मी फेरिटिनइतकाच आग्रह धरते, विशेषतः घर शाकाहारी असेल, मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, पायाला मुंग्या येत असतील तर. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या. दोन्ही कमी असेल तर सरासरी, म्हणजे एमसीव्ही, अगदी नॉर्मल येते आणि सगळे फसतात. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला फरक, वाढलेला आहे का तेवढं बघा.

एरिथ्रोपोएटिनची पातळी मोजणारी चाचणी कुणी सुचवली तर आधी डॉक्टरांना विचारा. हे संप्रेरक किडनी तयार करते आणि किडनी थकली की रक्त कमी होतं, हे खरं. पण या कामी पातळी मोजून उपचार सहसा बदलत नाही.

सगळं किडनीवर ढकलू नका

दादाला, म्हणजे त्या मावसभावाला, हेच समजावायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ईजीएफआर कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे किडनीमुळे रक्त कमी झालं." ५३ वर हिमोग्लोबिन १०.४ पर्यंत उतरावं इतकी किडनी सहसा थकलेली नसते. तसा ॲनिमिया ईजीएफआर बराच खाली, तिशीच्या आसपास गेल्यावर ठळक होतो. पाळी थांबून पंचवीस वर्षं झालेल्या बाईचं लोह कमी असेल तर ते जातंय कुठे, हे शोधायलाच हवं. लोहाच्या गोळ्या देऊन आकडा वर आणला आणि आतला अल्सर किंवा आतड्याचा कॅन्सर तसाच राहिला, असं व्हायला नको. हाडं, कंबर सतत दुखत असेल तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीबद्दलही विचारा, कारण मायलोमा हा अस्थिमज्जेतला कॅन्सर रक्त आणि किडनी दोन्ही खातो.

मावशीला विचारलं, "कुठल्या गोळ्या घेतेस?" बीपीची सांगितली. पुन्हा विचारलं तेव्हा बटव्यातून पान-सुपारीच्या आडून एक स्ट्रिप निघाली, दोनच गोळ्या उरलेली. "गुडघ्याची आहे. रोज एक. लग्नकार्य असलं तर दोन." डायक्लोफेनॅक, दुखणं कमी करणारी गोळी. किडनीलाही तीच मारते आणि जठरातून रक्तही तीच गाळते. मेडिकलवाल्याने चार वर्षं चिठ्ठीशिवाय दिलेली. आमच्यापैकी कुणी तिला गोळ्यांचं विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी गोळी बंद केली, एंडोस्कोपीत जठरात व्रण दिसला, त्याचे उपचार चालू आहेत. गुडघ्यांना सध्या मलम, शेक आणि पॅरासिटामॉल. सिस्टॅटिन सी आम्ही करून घेतलं, तिचं वजन बघता ते गरजेचंच होतं. क्रिएटिनिन आणि एसीआर तीन महिन्यांनी पुन्हा करायचंय. तारीख मी दादाच्या कॅलेंडरवर स्वतः लिहून आले आहे.