सेस्ना १७२ साठी कुलुपं: प्रॉप-लॉक, थ्रॉटल-लॉक आणि चाकाचा जॅमर, काय घ्यावं?

न्यू जर्सीत २००३ पासून नियम आहे: चोवीस तासांहून जास्त वेळ उभ्या राहणाऱ्या विमानाला दोन कुलुपं हवीत. एडिसन-प्रिन्स्टन भागात राहून भागीदारीत सेस्ना १७२ हे छोटं चार आसनी विमान घ्यायचा विचार असेल, सोलबर्ग किंवा सेंट्रल जर्सीसारख्या छोट्या विमानतळावर ते उघड्यावर बांधून ठेवायचं असेल, तर विमानासोबत ही खरेदीही आलीच. नियम दोन कुलुपं मागतो. कोणती दोन घ्यायची हे मात्र डोकं लावून ठरवावं लागतं.

विमानासोबत जे कुलूप येतं त्यावर भिस्त ठेवू नये. १७२ च्या डाव्या दाराला किल्ली असते, उजवं दार आतून हँडल पुढे करून बंद करायचं. दाराचं कुलूप हलक्या पत्र्याच्या पात्यांचं. वीस-तीस वर्षं वापरलेल्या विमानात ती पाती इतकी झिजलेली असतात की दुसऱ्याच विमानाची किल्लीही कधीकधी चालून जाते. इग्निशनची किल्ली गाडीच्या किल्लीसारखी दिसते, पण तिचं काम उलटं आहे. मॅग्नेटो, म्हणजे इंजिनला ठिणगी पुरवणारं यंत्र, आपली वीज आपणच तयार करतो. किल्ली ऑफवर नेली की त्याची तार विमानाच्या सांगाड्याला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. म्हणजे किल्ली ठिणगी चालू करत नाही, फक्त बंद करते. ही गोष्ट पुढे प्रॉप-लॉकच्या वेळी पुन्हा लागणार आहे.

पहिली पसंती प्रॉप-लॉकला. दोन पात्यांच्या प्रॉपेलरसाठी मिळणारं चांगलं प्रॉप-लॉक पात्यांच्या मुळाशी, स्पिनरला (मधल्या टोकदार टोपीला) लागून बसतं. कडक पोलादी साखळी किंवा केबल, वर जाड व्हिनाइलचं आवरण, शेवटी चांगलं पॅडलॉक. याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते लांबून दिसतं. रॅम्पवर (विमानं उभी करायच्या जागी) ओळीने दहा विमानं उभी असतील, तर लाल-पिवळं कुलूप अडकवलेल्या विमानाकडे चोर सहसा वळत नाही. आणि ते काढल्याशिवाय उडणं अशक्यच.

घेताना आवरण नीट तपासा. १७२एस चा मॅकॉली प्रॉपेलर ७६ इंचांचा, एकसंध अॅल्युमिनियमचा. त्याच्या कडेवर साखळीचा एक टोचा बसला तरी तिथून धातूला थकव्याची भेग धरू शकते, कारण पातं मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेत सतत वाकत-सरळ होत असतं. आवरण फाटून पोलाद उघडं पडलं की ते लॉक बाद समजावं, चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये. दुसरा त्रास ओलाव्याचा. व्हिनाइलखाली पाणी अडकतं, रंग फुगतो, खाली पांढरी बुरशीसारखी गंज धरते. विमान आठवड्यात उडालं नाही तरी एकदा लॉक काढून पातं कोरड्या फडक्याने पुसावं. प्रॉपेलर कंपोझिट असेल तर असं घट्ट आवळणारं लॉक मुळीच लावू नका. त्यासाठी सैल पट्ट्याचा वेगळा प्रकार लागतो.

आता मॅग्नेटो. त्याची जमिनीची तार तुटली किंवा सैल झाली असेल, तर किल्ली खिशात असतानाही हाताने फिरवलेल्या प्रॉपेलरसरशी इंजिन झटका घेऊ शकतं. म्हणून प्रॉपेलर ज्या स्थितीत थांबेल त्याच स्थितीत बसणारं लॉक घ्या. ज्या लॉकची साखळी नाकाच्या चाकाला बांधायची असते, त्यासाठी पातं दरवेळी ठरावीक कोनात आणावं लागतं. रोज पातं हाताने फिरवायची सवय लावणारं कुलूप, मग ते कितीही मजबूत असो, आम्ही नापास करू. फिरवावंच लागलं तर किल्ली बाहेर, थ्रॉटल (पॉवरचा दांडा) बंद, मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) पूर्ण बाहेर ओढलेलं, चाकांना चॉक (अडसर), आणि शरीर पात्याच्या फेऱ्याबाहेर. इंजिन बंद करण्याआधी आयडलवर (सगळ्यात कमी वेगावर) क्षणभर किल्ली ऑफला नेऊन परत बोथवर (दोन्ही मॅग्नेटो चालू) आणा. इंजिन मरायला लागलं तर तार शाबूत आहे. तसंच चालत राहिलं तर विमान मेकॅनिककडे. हे जास्त आरपीएमवर करू नये, न जळलेलं इंधन सायलेन्सरमध्ये भडकून तो फाटू शकतो.

प्रॉप-लॉक काढायचं विसरून स्टार्टर फिरवला तर? लॉक काउलिंगवर (इंजिनच्या कवचावर) आपटतं, स्पिनर चेपतो, पातं खरवडतं. पात्याची दुरुस्ती कडा किरकोळ घासण्यापलीकडे गेली, तर इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन ५३३ नुसार तो प्रॉप-स्ट्राइक (प्रॉपेलर आपटल्याची घटना) ठरतो, इंजिन चालू नसतानाही. मग आतली तपासणी आली. नुकसान मोठं आहे, पण ते जमिनीवर होतं. कुलूप निवडताना ते चोराला किती वेळ अडवेल एवढंच बघून भागत नाही. आपणच ते काढायला विसरलो तर काय होईल, हे आधी बघावं. ३१ मे २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला गल्फस्ट्रीम जेट गस्ट-लॉक न काढताच धावपट्टीवर धावलं आणि सात जण गेले. ते लॉक चोरासाठी नव्हतं, वाऱ्यात पंखांवरचे-शेपटीवरचे हलते भाग आपटू नयेत म्हणून होतं, पण धडा तोच. १७२ चं असंच लॉक म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यातून जाणारी पिन; तिच्यावरची लाल पाटी मोडली असेल आणि तिथे खिळा अडकवून काम भागवत असाल, तर प्रॉप-लॉकआधी ती पाटी विकत घ्या.

दुसरं कुलूप म्हणून थ्रॉटल-लॉक. १७२ मध्ये थ्रॉटल आत ढकलला की पॉवर वाढते, बाहेर ओढला की कमी होते. मिक्श्चरही बाहेर ओढलं की इंधन बंद. थ्रॉटल-लॉक म्हणजे दोन अर्ध्या नळ्यांचा तुकडा. तो बाहेर ओढलेल्या दांड्यावर, नॉब आणि पॅनेल यांच्यामध्ये बसतो आणि कुलूप लावलं की नॉब आत जात नाही. प्रॉप-लॉकपेक्षा बरंच स्वस्त, हातमोजे ठेवायच्या कप्प्यात मावणारं, आणि वैमानिकाच्या नाकासमोर असल्याने विसरायला अवघड.

यात चुकतं ते मापात. दांडा पूर्ण बाहेर ओढून कॅलिपरने त्याची लांबी आणि जाडी मोजा, मगच मागवा. नळी सेंटिमीटरभर आखूड निघाली तर तेवढा थ्रॉटल उघडतो. नळी आतून रबर किंवा चामड्याने मढवलेली हवी. नुसता धातू दांड्यावर ओरखडे पाडतो आणि ते ओरखडे पुढे पॅनेलमधल्या बुशला खात जातात. आणखी एक मर्यादा जाहिरातीत सांगत नाहीत: थ्रॉटल आयडलला अडकवला तरी इंजिन सुरू होतं आणि विमान हळूहळू टॅक्सी करू, म्हणजे जमिनीवर चालू शकतं. उडू शकत नाही, इतकंच. मिक्श्चर अडवणारं लॉक इंजिनच चालू देत नाही, म्हणून ते जास्त भक्कम. मात्र १७२ चं मिक्श्चर व्हर्नियर प्रकारचं (नॉब फिरवून बारीक बदल करता येणारं) असतं, त्याच्या आट्यांवर आवळून बसणारं लॉक लावू नये. नुसती टेकून राहणारी यू-आकाराची नळी चालते. थ्रॉटल आणि मिक्श्चर दोन्ही एकाच पट्टीत अडवणारा नमुना तुमच्या पॅनेलला बसत असेल तर तोच घ्या.

चाकाचा जॅमर घेऊ नये. १७२ चं नाकाचं चाक ५.००-५, मुख्य चाकं ६.००-६. गाड्यांसाठी बनलेले जॅमर या मापावर डुगडुगतात, आणि चाकांवर फेअरिंग (फायबरचं कवच) असेल तर फायबरला तडे पाडतात. फेअरिंग नसलेल्या जुन्या विमानाला निदान तड्यांची भीती नाही.

टाय-डाउनच्या, म्हणजे विमान जमिनीला बांधायच्या, साखळीला पॅडलॉक लावून दुसरं कुलूप झालं असं समजणारेही आहेत. टाय-डाउन वाऱ्यासाठी आहे. वादळ येताना चार किल्ल्या शोधत बसावं लागलं तर विमान जातं. शिवाय ताठ साखळीला ढील नसते, झटका थेट पंखातल्या कडीला बसतो.

पॅडलॉकबद्दल थोडं. पत्र्यांच्या थरांचं पोलादी पॅडलॉक दोन हिवाळ्यांत गंजून घट्ट होतं. पितळी किंवा स्टेनलेस घ्या, किल्लीचं भोक खाली राहील असं लावा, म्हणजे आत पाणी साचून बर्फ होत नाही. जुहूसारख्या खाऱ्या हवेत तर स्टेनलेसच. आत ग्रॅफाइटची पूड टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. पॅडलॉकला ती चालेल, विमानाच्या दाराच्या कुलपाला नको. ग्रॅफाइट आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम झपाट्याने गंजतं. याच कारणाने विमानाच्या पत्र्यावर पेन्सिलीने खूण करत नाहीत. दाराला कोरडा टेफ्लॉन स्प्रे वापरा.

एअरटॅग (अॅपलची वस्तू शोधायची चकती) सीटखाली टाकून ठेवायला हरकत नाही, पण तो आजूबाजूच्या आयफोनांवर चालतो. रात्री ओस पडणाऱ्या विमानतळावर आणि हवेत त्याचा उपयोग नगण्य. विमानाच्या बॅटरीवर चालणारे अलार्म आठवडे उभ्या विमानाची बॅटरी पितात, आणि वायरिंगला जोडलेल्या प्रत्येक वस्तूसाठी मेकॅनिकची सही लागते. केबिनवर कापडी कव्हर घाला. आतले रेडिओ कोणते, हे बाहेरून दिसत नाही. विमानापेक्षा रेडिओच जास्त चोरीला जातात.

आता जिथे कुठलंच कुलूप पुरत नाही ते. ५ जानेवारी २००२ ला फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या उंच इमारतीवर सेस्ना १७२ आदळवणारा पंधरा वर्षांचा मुलगा त्या विमानाच्या प्रशिक्षण शाळेचाच विद्यार्थी होता, प्रशिक्षणाआधी विमान तपासायला एकटा पाठवलेला. सप्टेंबर २०२२ मध्ये मिसिसिपीतल्या टुपेलोहून किंग एअर (दोन इंजिनांचं विमान) पळवणारा विमानतळावर काम करणारा होता. हँगर फोडून गेलेलेही आहेत: जुलै २०१० मध्ये इंडियानातल्या ब्लूमिंग्टनहून एकोणीस वर्षांचा, रीतसर प्रशिक्षण न घेतलेला मुलगा सेस्ना ४०० घेऊन थेट बहामाला पोचला. पण पहिल्या दोघांना काहीही फोडायची फारशी गरज नव्हती.

म्हणून भागीदारीत प्रॉप-लॉकची किल्ली आणि विमानाची किल्ली एकाच कडीत ठेवू नका. जादा किल्ली मागच्या सामानाच्या दारात लपवायची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, चोरालाही. आकड्यांचं पॅडलॉक असेल तर भागीदार बदलला की त्याच दिवशी आकडा बदला, किल्लीचं असेल तर नवं पॅडलॉक आणा. विद्यार्थ्याला प्रीफ्लाइटला (उड्डाणाआधीच्या तपासणीला) एकटं पाठवायचं असेल तर थ्रॉटल-लॉक प्रशिक्षकानेच येऊन काढावं. रॅम्पवर अनोळखी माणूस विमानांच्या खिडक्यांतून डोकावताना दिसला तर अमेरिकेत एओपीए या विमानमालक-वैमानिकांच्या संघटनेच्या एअरपोर्ट वॉचचा नंबर आहे: ८६६-४२७-३२८७. तो थ्रॉटल-लॉकच्या डबीवर चिकटवून ठेवा.