लंडन झू: ज्या तळ्यासाठी गेलो, ते रिकामं आहे

31 वर्षं मी इंजिनिअरिंगच्या मुलांना आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचं बांधकाम, शिकवलं. कॅन्टिलिव्हरचा, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या आणि पुढे अधांतरी राहणाऱ्या भागाचा, धडा आला की फळ्यावर एक आकृती ठरलेली असायची: अंडाकृती हौद आणि त्यात एकमेकांभोवती वळत उतरणारे दोन पातळ रॅम्प, मध्ये टेकायला एकही खांब नाही. लंडन झूमधला पेंग्विन पूल, म्हणजे पेंग्विनांचं तळं, साल 1934. वास्तुरचना बर्थोल्ड लुबेट्किन यांची, स्ट्रक्चरमागे ओव्ह अरुप यांचं डोकं. मुलाकडे लंडनला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सात वर्षांच्या नातीचा हात धरून तिथे पोचलो.

हौद आहे, रॅम्प आहेत. पेंग्विन नाहीत. 2004 पासून नाहीत, हे वाचून माहीत होतं. तरी कठड्याशी उभं राहिल्यावर घशाशी आलं. इतके पातळ रॅम्प, इतक्या वर्षांनी, अजून तसेच तोललेले! नातीने खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, यात राहायला कोणी नाही का?"

कारण सांगताना माझाच धडा अपुरा होता हे लक्षात आलं. मी मुलांना भार शिकवला, सळई कुठे टाकायची ते शिकवलं, पण त्या रॅम्पवरून चालणाऱ्या पक्ष्याचा तळपाय कधी विचारात घेतला नाही. कठीण काँक्रीटवर चालून पेंग्विनांच्या पायांना त्रास होऊ लागला होता. पाणीही उथळ, सूर मारायला पुरेसं नाही. इथले हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे पक्ष्यांच्या विष्ठेचे जाड थर साचलेले असतात, त्यांत बिळं करून ते अंडी घालतात. काँक्रीटमध्ये बीळ कुठून करणार? दुरुस्तीच्या निमित्ताने त्यांना बदकांच्या तळ्यावर हलवलं, आणि मग परत आणलंच नाही. पूल ब्रिटनच्या वारसा-यादीत सर्वांत वरच्या, ग्रेड वन दर्जाची इमारत असल्यामुळे पाडता येत नाही, मनासारखी बदलताही येत नाही. म्हणून ती तशीच उभी आहे, स्वच्छ पांढरी.

पेंग्विन आता 2011 साली उघडलेल्या 'पेंग्विन बीच'वर आहेत. रचनेच्या दृष्टीने तिथे फळ्यावर काढण्यासारखं काही नाही. वाळू, गोटे, घरटी आणि खोल पाणी. पाण्याच्या बाजूला काच आहे. नात तिच्याशी नाक टेकवून बसली आणि वीस मिनिटं उठेना. जमिनीवर फेंगडा चालणारा पक्षी पाण्याखाली बाणासारखा जातो, हे जुन्या उथळ हौदात कुणाला असं दिसलं नसतं. इथे घाई करू नका.

माझ्यासारख्यांनी चुकवू नये अशी दुसरी जागा म्हणजे स्नोडन यांचं पक्षिगृह. लॉर्ड स्नोडन, वास्तुरचनाकार सेड्रिक प्राइस आणि इंजिनिअर फ्रँक न्यूबी यांनी ते रचलं, 1965 मध्ये उघडलं. रीजंट्स कॅनॉलच्या काठावर ॲल्युमिनियमचे टोकदार सांगाडे, ताणलेले केबल आणि त्यांवर जाळी. आता तिथे पक्षी नाहीत. फॉस्टर अँड पार्टनर्स या वास्तुरचना कंपनीने जाळी बदलून, सांगाडा दुरुस्त करून 2022 मध्ये तिथे कोलोबस माकडं आणली. काळं अंग, पाठीवरून उतरणारी पांढरी झालर, शेपटीला पांढरा गोंडा. या माकडांना अंगठा जवळजवळ नसतोच. बाकीच्या चार बोटांचा आकडा करून फांदी पकडतात. आपण मधल्या वाटेवरून चालतो आणि ती डोक्यावरून उडी घेतात. उंची, मोकळी हवा, लांब झेप: पक्ष्यांसाठी केलेली जागा माकडांच्या अंगाला किती बरोबर बसली! सबंध झूमध्ये जुन्या बांधकामाला मिळालेला हा सर्वांत चांगला नवा संसार. पूलचंही असं काही जमायला हवं होतं, असं तिथून निघताना राहून राहून वाटलं.

'लँड ऑफ द लायन्स' 2016 चा आहे. आत शिरताच सासण गीरच्या स्टेशनाची पाटी. लंडनच्या ढगाळ दुपारी ती वाचून मी चालता चालता थांबलो. नात इथेच जन्मलेली, तिने विचारलं, "हे तुमच्याकडचं आहे का?" म्हटलं, सिंह तरी नक्कीच. मग तिला सांगितलं की आशियाई सिंह आता जंगलात फक्त गुजरातेत उरलेत, आणि 2025 च्या गणनेत त्यांची संख्या 891 भरली. स्टेशन वगैरे देखावा आपल्यासाठी आहे. सिंहाला त्याचं काय! तो आमच्याकडे पाठ करून खडकावर निजला होता. पण पाटी नसती तर तो प्रश्न आला नसता, म्हणून मला देखावा चालला.

हत्ती पाहायचे असतील तर इथे येऊ नका. ते 2001 मध्येच शहराबाहेरच्या व्हिप्सनेड झूमध्ये गेले, तिथे मोकळी जागा आहे. जम्बो हा जगप्रसिद्ध हत्ती याच झूचा. पोरं त्याच्या पाठीवर बसून फिरायची, आणि 1882 मध्ये तो अमेरिकेतल्या बार्नम या सर्कसवाल्याला विकला गेला. वास्तुरचनाकार ह्यू कॅसन यांनी हत्ती-गेंड्यांसाठी बांधलेली खडबडीत काँक्रीटची इमारत अजून उभी आहे. अवघ्या 36 एकरांत एवढं मोठं जनावर ठेवायचं नाही, हा निर्णय मला पूर्ण पटतो. हत्ती नाही म्हणून नात हिरमुसली, हेही खरं.

तिची समजूत गोगलगाईंनी काढली. नखाएवढ्या पार्टुला गोगलगाई, फ्रेंच पॉलिनेशियाच्या बेटांवरच्या. तिथे माणसाने दुसरी एक शिकारी गोगलगाय आणून सोडली आणि तिने यांचा फडशा पाडला. कित्येक जाती फक्त या आणि अशा काही झूंच्या पेट्यांत तगल्या. त्यांची पिल्लं वर्षानुवर्षं परत बेटांवर सोडली जात होती. 2024 मध्ये त्यातली एक जात 'निसर्गातून नामशेष' या यादीतून बाहेर आली. एवढं मोठं काम, आणि समोर थांबलेले आम्ही दोघंच. मुलांना इथे आवर्जून उभं करा.

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी 1927 च्या घराऐवजी 2024 मध्ये नवं दालन उघडलंय. आमचे पाय तोवर बोलायला लागले होते, त्यामुळे ते धावतच पाहिलं. त्यावर मत देत नाही.

जायचंच तर सकाळी दार उघडताच जा आणि आधी बोगद्यातून रस्त्यापलीकडे निघा, माकडांकडे आणि जिराफांकडे. जिराफांचं घर डेसिमस बर्टन यांनी 1830 च्या दशकात बांधलं आणि त्यात आजही जिराफच राहतात. उंच दारं, उंच छत. राहणाऱ्याचं माप आधी घेऊन बांधलेली इमारत अजून कामात आहे, आणि मी 31 वर्षं फळ्यावर ती कधी काढली नाही.

निघताना नातीने पुन्हा पूलकडे न्यायला लावलं. कठड्यावरून बोट फिरवत तिने वरच्या रॅम्पची वाट शेवटपर्यंत काढली, मग खालच्याची. "पडत कसा नाही?" तिने विचारलं. मी तिचा हात आडवा धरायला लावला, खांद्याशी माझं बोट टेकवलं आणि भार कुठे जातो ते सांगायला सुरुवात केली.