बॉम्बवाले पुढं महापौर, पोलीसप्रमुख झाले तेव्हा: प्रबंधाला बोगोटा, बेलफास्ट, एकुऱ्हुलेनी की मोंटेव्हिडिओ?

शहरात बॉम्ब ठेवणारी, बँका लुटणारी माणसं पुढं त्याच व्यवस्थेत कारभाराला किंवा पोलिसात आली तर काय होतं, हा विषय एम.ए.च्या प्रबंधाला घ्यायचाच असेल तर आधी एक ठरवून टाका, तुम्हाला माणूस बघायचाय का खुर्ची. बहुतेक जण माणसापासून सुरू करतात, तुरुंगात किती वर्षं होता, पळाला कसा, टोपणनाव काय, आणि त्यातच निम्मी पानं संपतात. मला विचाराल तर त्या पूर्वायुष्यावरून फार काही कळत नाही. त्याला नक्की कुठलं पद मिळालं, पोलीस त्याचं ऐकायला बांधील होते का, आणि मुख्य म्हणजे त्याला त्या पदावरून उठवायचा अधिकार कोणाच्या हातात होता, हे बघा. सगळी गंमत तिथं आहे.

गडचिरोलीत ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपतीनं साठेक साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली तेव्हापासून "आता यांचं पुढं काय" हा प्रश्न आपल्याकडेही चालू आहेच, आणि पलीकडे बस्तरमध्ये डीआरजी या पोलीस दलात शरण आलेले माओवादी भरती करून बरीच वर्षं झाली. पण ती लढाई जंगलातली, आणि तिथं शरण आलेला माणूस फार तर पोलीस होतो, कारभारी नाही. कारभारी झालेले बघायचे तर बाहेरच्या देशात जावं लागतं.

बोगोटापासून सुरू करू, कारण नाव सगळ्यांना माहितीये. गुस्ताव्हो पेत्रो, २०२२ ला कोलंबियाचा राष्ट्राध्यक्ष झाला तोच, तरुणपणी एम-१९ या गनिमी संघटनेत होता. ही संघटना शहरी, नाटकी, बातमी कशी होते हे नेमकं कळणारी. १९७४ मध्ये बोगोटाच्या म्युझियममधून बोलिव्हारची तलवार पळवली, १९८० मध्ये डॉमिनिकन दूतावास ताब्यात घेतला, आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या इमारतीवरच हल्ला, ज्यात सैन्यानं रणगाडे घातले आणि न्यायाधीशांसकट शंभराच्या आसपास माणसं मेली. पेत्रो तेव्हा तुरुंगात होता, हे लिहायला विसरू नका, नाहीतर अर्धवट वाचून लोक त्याला तिथं नेऊन उभं करतात. मार्च १९९० मध्ये एम-१९ नं शस्त्रं ठेवली, दीड महिन्यात त्यांचा नेता कार्लोस पिसारो विमानात गोळ्या घालून मारला गेला, तरीही ते परत भूमिगत झाले नाहीत. उलट १९९१ ला नवी घटना लिहायला बसले आणि त्यांचा अंतोनियो नवारो वोल्फ त्या घटना समितीच्या तीन अध्यक्षांपैकी एक होता.

या घटनेनं दोन गोष्टी केल्या. महापौर हा आपल्या शहराचा पहिला पोलीस अधिकारी असं म्हटलं, पण पोलीस राष्ट्रीयच ठेवले, संरक्षण मंत्रालयाखाली. आणि प्रोकुरादोर म्हणून एक पद आहे, सरकारी माणसांवर शिस्तभंगाची कारवाई करणारं, त्याला निवडून आलेल्यांवरही हात टाकायची सोय ठेवली. पेत्रो २०१२ ला महापौर झाला तेव्हा या दोन्हीचा अनुभव त्याला आला. शहरात बंदुका घेऊन फिरायला बंदी आणायची होती, तर परवाने थांबवायचा अधिकार लष्कराकडे. म्हणजे ज्यांच्याशी आपली संघटना लढली त्यांचीच सही आणायची. बंदी आली, खुनांचं प्रमाणही त्याच्या काळात एक लाखामागं सतरा-अठराच्या आसपास आलं, पण याचं सगळं श्रेय त्याला देऊ नका हं, १९९३ ला हाच आकडा ऐंशीच्या घरात होता आणि तो खाली आणायचं बरंचसं काम आधीच्या महापौरांच्या काळात झालेलं.

पेत्रोचं घोडं अडलं ते कचऱ्यात. डिसेंबर २०१२ मध्ये त्यानं कचरा उचलायचं काम खाजगी कंपन्यांकडून काढून महापालिकेच्या पाण्याच्या कंपनीकडे दिलं, तिला ना गाड्या पुरेशा ना अनुभव, तीन दिवसांत राजधानीच्या रस्त्यांवर ढीग लागले, शेवटी त्याच खाजगी कंपन्यांना परत बोलवावं लागलं. कचरा वेचणाऱ्यांना वजनावर पैसे द्यायची पद्धत मात्र त्याच धामधुमीत सुरू झाली आणि ती चांगली गोष्ट होती. वर्षभरानं प्रोकुरादोर आलेहान्द्रो ओर्दोन्येस यांनी या कचऱ्यावरून त्याला पदावरून काढलं आणि पंधरा वर्षं निवडणूकबंदी घातली. मार्च २०१४ मध्ये गेला, एप्रिलमध्ये कोर्टाच्या आदेशानं परत आला, आणि २०२० ला आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयानं सांगितलं की निवडून आलेल्या माणसाला प्रशासकीय अधिकारी असं काढू शकत नाही, त्याला फौजदारी कोर्टच लागतं. आता बघा, ज्या घटनेतल्या तरतुदीनं त्याला काढलं ती लिहिताना त्याच्याच संघटनेचा माणूस अध्यक्षांच्या खुर्चीत होता. प्रबंधासाठी याहून चांगला धागा शोधून सापडणार नाही. अडचण एकच, कामाची कागदपत्रं स्पॅनिशमध्ये. नवारो स्वतः १९९५ ते ९७ पास्तो या छोट्या शहराचा महापौर होता आणि बऱ्यापैकी नाव कमावून गेला, पण त्यावर इंग्रजीत आणखीनच कमी मिळतं.

उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टची गोष्ट उलटी. तिथं महापौराच्या गळ्यात मानाची साखळी असते, हातात पोलीस अजिबात नसतात. ॲलेक्स मास्की २००२ ला शिन फेनचा, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या बाजूच्या पक्षाचा, पहिला लॉर्ड मेयर (महापौर) झाला. सत्तरच्या दशकात विनाखटला स्थानबद्धतेत होता, १९८७ ला त्याच्या घरी येऊन त्याच्यावर गोळ्या झाडलेल्या. महापौर झाल्यावर महिन्याभरात पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईचा स्मृतिदिन आला, म्हणजे ब्रिटिश सैनिकांना श्रद्धांजलीचा दिवस. मुख्य समारंभाला तो गेला नाही पण त्याच्या आधी सकाळी सिटी हॉलच्या स्मारकावर जाऊन त्यानं पुष्पचक्र ठेवलं. युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहू पाहणारे, म्हणाले पुरेसं नाही, त्याच्या बाजूचे काही म्हणाले हे जास्तच झालं. महापौराच्या पदाला एवढंच करता येतं तिथं, पण एवढ्यानंही फरक पडतो.

खरा मुद्दा पोलिसिंग बोर्डाचा. पोलीस सुधारणांवरच्या १९९९ च्या पॅटन अहवालानंतर नोव्हेंबर २००१ मध्ये आरयूसी हे जुनं पोलीस दल जाऊन पीएसएनआय हे नवं दल आलं, दहा वर्षं अर्धे कॅथलिक अर्धे बाकीचे अशी भरती केली, आणि वर एक बोर्ड बसवलं, १९ जणांचं, त्यात १० आमदार. चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे पोलीसप्रमुख, नेमायचा आणि त्याला जाहीर बैठकीत जाब विचारायचा हे बोर्डाचं काम. आयआरएच्या लोकांनी जुन्या दलाचे कितीतरी पोलीस मारलेले, त्या संघर्षात सगळे मिळून तीनशेच्या आसपास गेले, त्यामुळं शिन फेन बोर्डात यायला सहा वर्षं तयार नव्हती. २८ जानेवारी २००७ ला डब्लिनला पक्षाच्या खास अधिवेशनात मतदान झालं, प्रचंड बहुमतानं पोलिसांना मान्यता दिली, मग सदस्य बसले. पुढं गेरी केलीही बसला, म्हणजे १९७३ ला लंडनच्या ओल्ड बेलीबाहेरच्या बॉम्बसाठी जन्मठेप झालेला आणि १९८३ ला मेझ तुरुंगातून ३८ जण पळाले त्यातला एक.

या केलीचा जून २०१३ चा प्रसंग नक्की घ्या. उत्तर बेलफास्टमध्ये मिरवणुकीनंतर पोलिसांनी एका पोराला पकडून लँडरोव्हरमध्ये घातलं, केली विचारायला गाडीसमोर उभा राहिला, आणि गाडी सुरूच झाली. साठीतला आमदार, पोलिसिंग बोर्डाचा सदस्य, बॉनेटवर पुढची जाळी धरून लटकतोय आणि गाडी चाललीये, सगळं कॅमेऱ्यात. देखरेख करणारा आणि ज्यांच्यावर देखरेख ते, यांच्यात किती विश्वास होता हे मोजायला वेगळा तक्ता नको. पण दुसरं टोकही तिथंच आहे, मार्च २००९ मध्ये फुटीर गटांनी दोन सैनिक आणि एक पोलीस मारला तेव्हा मार्टिन मॅकगिनेस, एकेकाळी डेरीच्या आयआरएमधला दोन नंबरचा माणूस, चीफ कॉन्स्टेबलच्या शेजारी उभा राहून मारेकऱ्यांना आयर्लंड बेटाचे गद्दार म्हणाला. त्याची त्याला किती किंमत मोजावी लागली असेल याचा अंदाज करा.

दोन्हीकडे अजून वर्दी आलेली नाही. ती हवी असेल तर दक्षिण आफ्रिका. रॉबर्ट मॅकब्राइड, वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या एएनसीच्या सशस्त्र शाखेचा, जून १९८६ मध्ये डर्बनच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या मागूज बारसमोर कारबॉम्ब, तीन बायका ठार, साठाहून जास्त जखमी. फाशीची शिक्षा झाली, १९९२ ला राजकीय कैद्यांच्या वाटाघाटीत सुटला, २००१ ला सत्य आयोगाकडून माफी. आणि २००३ मध्ये जोहान्सबर्गच्या शेजारच्या एकुऱ्हुलेनी महापालिकेच्या मेट्रो पोलिसांचा प्रमुख. म्हणजे शहरात बॉम्ब लावलेला माणूस थेट शहर पोलिसांचा साहेब, यादीत इतकं सरळ उदाहरण दुसरं नाही. मेट्रो पोलीस म्हणजे ट्रॅफिक, महापालिकेचे नियम, गस्त. गुन्ह्याचा तपास राष्ट्रीय पोलिसांकडे, हे नीट समजून घ्या. तिथला त्याचा शेवट काही भूषणावह नाही, डिसेंबर २००६ ला सरकारी गाडीचा अपघात केला, दारूच्या नशेत होता म्हणून २०११ ला दोषी ठरला, २०१३ ला अपिलात सुटला.

पण नंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१४ ला तो पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयपिड या यंत्रणेचा प्रमुख झाला, वर्षभरात पोलीसमंत्र्यानं निलंबित केला, तो कोर्टात गेला आणि २०१६ ला घटना न्यायालयानं निकाल दिला की मंत्र्याला असा एकतर्फी अधिकार नाही, संसदेला विचारल्याशिवाय नाही. पेत्रोची केस आणि ही केस शेजारी ठेवून वाचा. दोन खंड, दोन माजी गनिमी, दोघांना काढायचा प्रयत्न, आणि दोन्ही निकाल पुढच्या प्रामाणिक माणसालाही उपयोगी पडणारे. शिवाय सत्य आयोगाच्या सुनावण्या आणि हा निकाल सगळं इंग्रजीत, फुकट, ऑनलाइन.

मोंटेव्हिडिओ थोडक्यात उरकतो. शहरी गनिमी म्हटलं की सगळ्यात आधी उरुग्वेचे तुपामारोस आठवतात, पोलिसांना शिकवायला आलेल्या अमेरिकन डॅन मित्रिओनेला १९७० ला त्यांनीच पळवून मारलं. त्यांचाच एदुआर्दो बोनोमी, हुकूमशाहीत १९८५ पर्यंत तुरुंगात, २०१० ते २०२० सलग दहा वर्षं गृहमंत्री म्हणजे पोलिसांचा मालक. २०१६ पासून चोऱ्यामाऱ्यांच्या ठिकाणी खास गस्त सुरू केली, सुरुवातीला लुटालूट कमी झाली, आणि २०१८ ला देशात खून चारशेच्या वर गेले, त्या छोट्या देशासाठी भयंकर आकडा. त्याच्यावर टीका झाली ती इतर कुठल्याही गृहमंत्र्यावर होते तशीच, आणि माझ्या मते केसची खरी गंमत तीच. पण पद देशाचं, शहराचं नाही, आणि साहित्य परत स्पॅनिशच. एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर तर मी यादीतच घेत नाही, तिथली लढाई बरीचशी डोंगरातली. फक्त पोलीस भरतीवरच लिहायचं असेल तर १९९२ नंतर नव्या दलात वीस टक्के माजी गनिमी, वीस टक्के जुने पोलीस आणि बाकी नवीन लोक अशी वाटणी केलेली, ती बघा.

मग घ्यायचं काय? स्पॅनिश येत असेल, किंवा शिकायची तयारी असेल, तर बोगोटा, डोळे झाकून. येत नसेल आणि हातात सहा-आठ महिनेच असतील तर एकुऱ्हुलेनी एकटं घेऊ नका, एका माणसावर प्रबंध उभा राहत नाही, गाईड पहिल्याच बैठकीत विचारेल की बाकीचे कुठं आहेत. बेलफास्ट मुख्य ठेवा आणि मॅकब्राइडचा २०१६ चा निकाल एका प्रकरणात तुलनेला आणा. आणि बेलफास्टमध्येही २००७ नंतरचंच लिहीत बसू नका, २००१ ते २००७ मध्ये शिन फेनच्या जागा रिकाम्या असताना बोर्ड कसं चाललं, कोण कशावर अडून बसलेलं, आधी ते वाचून काढा, इतिवृत्तं आणि वार्षिक अहवाल तिथूनच सुरू होतात.