पुरवठादाराच्या उपकरणापुढे स्वतःचा राऊटर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुरवठादाराने फायबरसोबत बसवून दिलेल्या उपकरणाचे वायफाय मागच्या खोल्यांत नीट पोहोचत नव्हते, म्हणून त्याच्या पुढे वायफाय ६ चा एक मध्यम दर्जाचा राऊटर जोडला. काही महिने रोज वापरल्यावर राऊटरबद्दल माझे मत चांगले आहे. मात्र सोबतच्या पत्रकात सांगितलेली जोडणी, म्हणजे जुन्या उपकरणाच्या लॅन (घरातल्या जाळ्याच्या) पोर्टमधून निघालेली केबल नव्याच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टमध्ये घालून मोकळे होणे, हीच आमच्याकडच्या बहुतेक तक्रारींचे मूळ ठरली.

पहिली तक्रार लगेच आली. फोनवर वायफाय जोडलेले दिसे, पण एकही पान उघडत नसे. दोन्ही उपकरणांचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता, आणि वॅन व लॅन या दोन्ही बाजूंना एकच पत्तामालिका असल्यावर आलेली माहिती कोणत्या बाजूला पाठवायची हे राऊटरला ठरवता येत नाही. काही राऊटर हा संघर्ष ओळखून आपला पत्ता आपोआप बदलतात. या राऊटरने तसे केले नाही. नव्याचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ करताच इंटरनेट सुरू झाले.

यानंतरची अडचण अधिक फसवी होती, कारण वरवर सगळे सुरळीत चालले होते. व्हिडिओ आणि ईमेल यांना काहीच त्रास नव्हता, पण जुन्या वायफायवर असलेला प्रिंटर नव्या वायफायवरच्या लॅपटॉपला सापडत नसे आणि गेमच्या कन्सोलवर नॅटबद्दलची सूचना येत राही. दोन्ही उपकरणे आपापल्या परीने घरातल्या पत्त्यांची बाहेरच्या पत्त्याशी अदलाबदल, म्हणजे नॅट, करत होती. यालाच डबल नॅट म्हणतात. तो ओळखणे सोपे आहे. नव्या राऊटरच्या स्थितीदर्शक पानावर वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर त्याच्यापुढे दुसरे कोणीतरी नॅट करत आहे. जुन्या उपकरणाचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान असेल, तर नॅटचा आणखी एक थर खुद्द पुरवठादाराकडे असतो; मग घरात पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून येणारी जोडणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवण्याची) कितीही खटपट केली तरी ती वाया जाते आणि पुरवठादाराकडे सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

यावर मार्ग दोन. जुने उपकरण ब्रिज मोडवर (नॅट न करता इंटरनेट नुसते पुढे देणाऱ्या मोडवर) टाकून सगळी जबाबदारी नव्याकडे द्यायची, किंवा नव्याला ॲक्सेस पॉइंट करून फक्त वायफायचे काम ठेवायचे. ब्रिज मोडसाठी बऱ्याच ठिकाणी पीपीपीओईचे (पुरवठादाराच्या जाळ्यात लॉगइन करण्याच्या पद्धतीचे) नाव-पासवर्ड आणि कधीकधी व्हीलॅन क्रमांक (पुरवठादाराच्या जाळ्यातल्या विभागाचा क्रमांक) लागतो, आणि ग्राहकसेवेकडून ही माहिती मिळवणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. मी दुसरा मार्ग निवडला. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये नव्याचे डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याची सोय, बंद होते, ते काम एकट्या जुन्याकडे राहते आणि सगळे घर एकाच जाळ्यात येते. राऊटरमध्ये असा मोड नसेल, तर त्याला जुन्याच्या मालिकेतला पण वाटपाबाहेरचा पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी हाताने बंद करावे आणि केबल लॅनमधून लॅनमध्ये जोडावी. प्रिंटर आणि कन्सोल दोघेही त्यानंतर शांत झाले. याची किंमत मात्र आहे: खोक्यावर ठळकपणे छापलेली पालक-नियंत्रण आणि वेगाचे प्राधान्य ठरवण्याची सोय या मोडमध्ये मिळत नाही. त्या सोयींसाठीच कोणी हा राऊटर घेत असेल, तर त्याने ब्रिज मोडचाच पाठपुरावा करावा.

वेगाच्या तक्रारीत राऊटर निर्दोष निघाला. चाचणीचा आकडा ९४ एमबीपीएसच्या आसपास येऊन थांबत असे, आणि असा अडकलेला आकडा दिसला की आधी केबल तपासावी. १०० एमबीपीएसला केबलमधील तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात; टोकाच्या कनेक्टरमध्ये एक तार सैल असली तरी जोडणी बिनबोभाट १०० वर उतरू शकते. दोन्ही उपकरणांमधली केबल बदलताच हा अडथळा संपला.

वायफायमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर जुन्याला चॅनल १ आणि नव्याला ११ दिला, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. ५ गिगाहर्ट्झवर ३६ चॅनल पक्का केला, कारण ५२ ते १४४ यांपैकी बहुतेक चॅनलांवर राऊटरला रडारचा कानोसा घेण्यासाठी किमान एक मिनिट थांबावे लागते, आणि तेवढा वेळ घरातले सगळे वायफाय गेले म्हणून ओरडतात.

आता काही बिघडले तर मी तारेने जोडलेल्या संगणकावरून क्रमाने तपासतो. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर डीएचसीपीपर्यंत संपर्कच झालेला नाही. पत्ता ठीक असेल तर आधी जुन्या उपकरणाला पिंग (उत्तर येते का ते पाहणारा छोटा संदेश), मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. दुसरे पिंग यशस्वी होऊन नावाचे अडले, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, असतो आणि राऊटर पुन्हा पुन्हा बंद-चालू करून काही साधत नाही.

एक कुरबुर अजून शिल्लक आहे. फर्मवेअर (राऊटरमधले सॉफ्टवेअर) अद्ययावत झाले की हा राऊटर चॅनलची निवड पुन्हा स्वयंचलित करतो, त्यामुळे मी अद्ययावतीकरण हातानेच करतो आणि त्याआधी सेटिंगची फाइल संगणकावर उतरवून ठेवतो.