सात महिन्यांनंतर: मॉनिटर उत्तम, पण खोक्यातल्या केबलने रडवलं

27 इंची, 1440पी (2560 बाय 1440 पिक्सेल), 144 हर्ट्झ (म्हणजे चित्र सेकंदाला 144 वेळा ताजं होतं), आयपीएस प्रकारचं पॅनेल. बाकीची स्पेसिफिकेशन्स सगळ्यांना माहीत आहेत, ती परत लिहीत नाही. पॅनेलबद्दल माझी काहीच तक्रार नाही. रंग छान आहेत, अक्षरं रेखीव दिसतात, डेड पिक्सेल एकही नाही. डोक्याला ताप झाला तो खोक्यात आलेल्या केबलचा.

खोकं उघडलं तेव्हा सगळं नीट वाटलं होतं. थर्मोकोलच्या खाचेत स्टँडचे दोन भाग, पॉवर अडॉप्टर, एक एचडीएमआय केबल आणि इवल्याशा पिशवीत चार स्पेसर (मधली जागा भरून काढणारे छोटे तुकडे). पीसी मॉनिटरला जोडायचा दुसरा मार्ग म्हणजे डिस्प्लेपोर्ट, त्याची केबल नव्हती. एक केबल मिळाली आहे, मग आणखी खर्च कशाला, म्हणून तीच जोडली.

पहिले तीन आठवडे मॉनिटर 60 हर्ट्झवरच चालू होता आणि मला पत्ताही नव्हता. विंडोजने आपलं आपण 60 धरलं होतं. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन 144 निवडल्यावर माउसचा बाण इतका अलगद सरकायला लागला की मी उगाचच खिडक्या इकडून तिकडे ओढत बसले. अर्ध्या तासात स्क्रीन काळी झाली. दोन सेकंदांनी परत आली. मग दिवसातून आठ-दहा वेळा तेच.

सर्व्हिसला फोन केला. व्हिडिओ पाठवा म्हणाले, पाठवला. मग पॅनेलचा दोष असेल, मॉनिटर पंधरा दिवसांसाठी जमा करा, असं उत्तर आलं. माझं रोजचं काम याच स्क्रीनवर चालतं! त्या रागात मी इथे एक तारा द्यायला निघाले होते.

तेवढ्यात केबल हातात घेऊन दिव्याखाली धरली. तिच्या आवरणावर बारीक अक्षरांत नुसतं ‘हाय स्पीड’ छापलेलं होतं. ही श्रेणी सेकंदाला 10.2 गिगाबिटपर्यंतची. 1440पी 144 हर्ट्झवर चालवायला सेकंदाला 14 गिगाबिटच्या आसपास डेटा जावा लागतो. त्यासाठी 18 गिगाबिटवाली ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल लागते. म्हणजे खोक्यावर 144 मोठ्या अक्षरांत छापायचं आणि आत केबल मात्र तेवढ्या वेगाची हमी नसलेली द्यायची. मला याचाच राग येतो. सर्व्हिसला हे कळवलं, तर केबल वॉरंटीत बसत नाही म्हणाले.

शेवटी डिस्प्लेपोर्ट केबल स्वतःच घेतली, आणि पैसे वाचवायच्या नादात सगळ्यात स्वस्तातली घेतली. स्क्रीन काळी होणं थांबलं, पण पीसी बंद केल्यावरही कीबोर्डचा दिवा मंद लुकलुकत राहायचा. केबल काढली की विझायचा. नंतर समजलं की डिस्प्लेपोर्टच्या 20 नंबरच्या पिनवर 3.3 व्होल्ट असतात आणि केबलमध्ये ती पिन जोडलेली नसावी. काही स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असते, मग मॉनिटरची वीज उलटी पीसीत शिरते. कधीकधी त्यामुळे पीसी सुरूच होत नाही. ती केबल परत केली आणि डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेचं प्रमाणपत्र असलेली घेतली. गेले पाच महिने 144 हर्ट्झवर स्क्रीन एकदाही गेलेली नाही.

म्हणून मत बदललं. मॉनिटरला चार तारे. एक तारा केबलसाठी कापला आहे आणि तो कापलेलाच राहील. घ्यायचा असेल तर डिस्प्लेपोर्ट केबलचे पैसे आधीच किमतीत धरा.

स्टँड टाइप करताना किंचित हलतो, म्हणून गेल्या महिन्यात स्टँडऐवजी मॉनिटर धरून ठेवणारा आर्म बसवला. मागची 100 बाय 100 मिलिमीटर अंतरावरची स्क्रूची भोकं इतक्या खोल खाचेत आहेत की आर्मची प्लेट तिथे टेकतच नाही. ते चार स्पेसर याचसाठी दिले होते. मी ती पिशवी थर्मोकोलसकट टाकून देणार होते. खोकं माळ्यावर ठेवलं होतं म्हणून सापडली. तुम्हीही जपून ठेवा.