थ्रीकॉम ईथरलिंक-३ (३सी५०९बी): कंपनी संपली, कार्ड तरलं

आयएसए स्लॉटचा (जुन्या पद्धतीच्या कार्डांची खाच असलेला) ४८६ किंवा जुना पेंटियम संगणक नेटवर्कला जोडायचा असेल तर आधी हेच नेटवर्क कार्ड शोधावं. यावर जंपर (सेटिंग बदलायच्या पिनांवरच्या टोप्या) नाहीत. पत्ता (संगणक कार्डाशी बोलतो तो पोर्ट क्रमांक), आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती ओळ), कनेक्टर सगळं कार्डावरच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत साठतं आणि ३सी५एक्स९सीएफजी या डॉस प्रोग्रॅमने बदलतं. तो विंडोजच्या आतून नाही, नेटवर्क ड्रायव्हर न चढवता साध्या डॉसमधून चालवा.

डॉससाठी आधी प्लग अँड प्ले (पत्ता आपोआप वाटणारी सोय) बंद करा, नाहीतर पत्ता हलता राहतो. मग पत्ता ३००एच (एच म्हणजे हेक्साडेसिमल आकडा) आणि आयआरक्यू १० द्या. पेंटियमच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आयआरक्यू १० लेगसी आयएसएसाठी, म्हणजे प्लग अँड प्ले न वापरणाऱ्या कार्डांसाठी राखून ठेवा. साउंड ब्लास्टर १६ या साउंड कार्डाचा मिडी पोर्टही ३००एचवर लावलेला असू शकतो. तो ३३०एचवर न्या. कॉम्बो मॉडेलवर आरजे-४५ (आजच्या नेहमीच्या नेटवर्क केबलचा), बीएनसी (जुन्या गोल कोअॅक्सियल केबलचा) आणि एयूआय (बाहेरचा ट्रान्सीव्हर जोडायचा) हे तिन्ही कनेक्टर असतात. आधीच्या मालकाने बीएनसी निवडून ठेवलं असेल तर आरजे-४५वर लिंक येतच नाही आणि चांगलं कार्ड मेलेलं वाटतं. टाकून देण्याआधी ही सेटिंग बघा.

पॅकेट ड्रायव्हर (डॉसच्या प्रोग्रॅमना कार्डाशी जोडणारा) ०एक्स६० इंटरप्टवर चढवा, एमटीसीपी या डॉसच्या इंटरनेट प्रोग्रॅम-संचाच्या कॉन्फिग फाइलमध्ये तोच आकडा लिहा आणि नेटवर्कवरचा आयपी पत्ता आपोआप मिळवायला डीएचसीपी चालवा. वेग १० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला फार तर सव्वा मेगाबाइट. नेटवर्क स्विचचा पोर्ट ऑटोवरच ठेवा. तिकडे जबरदस्तीने फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) केलं आणि कार्ड हाफवर (एका वेळी एकच) राहिलं, तर पिंग छान जातं पण मोठी फाइल रखडते. २.५ गिगाबिटचे अनेक पोर्ट १० मेगाबिट ओळखतच नाहीत. मध्ये साधा १०/१०० स्विच घाला.

असं कार्ड बनवणारी थ्रीकॉम का टिकली नाही? ईथरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या बॉब मेटकाफ यांनी १९७९ मध्ये ती सुरू केली, १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी ईथरलिंक आणलं. पुढे रियलटेकच्या स्वस्त चिपांनी कार्डांचे भाव पाडले आणि ईथरनेट थेट मदरबोर्डवर आलं. पण खरा घाव स्वतःच्याच हातचा. १९९७ मध्ये यूएस रोबोटिक्स घेऊन मोडेमच्या धंद्यात पैसा ओतला. त्या खरेदीतून आलेली, हातात मावणारे छोटे संगणक बनवणारी पाम २००० मध्ये शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिचं बाजारमूल्य तिची बहुतांश मालकी असलेल्या थ्रीकॉमपेक्षाही जास्त निघालं! त्याच वर्षी थ्रीकॉमने मोठ्या कंपन्यांसाठीच्या कोअर स्विचमधून (नेटवर्कच्या मध्यवर्ती मोठ्या स्विचांच्या धंद्यातून) अंग काढलं. लाखोंची यंत्रणा बसवलेला ग्राहक असा धक्का विसरत नाही. २००३ मध्ये हुआवेबरोबर भागीदारीत एचथ्रीसी ही कंपनी काढून थ्रीकॉम त्या बाजारात परतलीही, पण २०१० मध्ये एचपीने सुमारे २.७ अब्ज डॉलरला तिला विकत घेतलं.

खरेदी करताना 'बी' अक्षर बघून घ्या: मूळ ३सी५०९वर ४ केबी बफर (येणारा-जाणारा डेटा तात्पुरता ठेवायची मेमरी) आहे, बीवर ८. आणि फक्त आरजे-४५ हवं असेल तर टीपीओ मॉडेल घ्या, कनेक्टर निवडायची कटकटच नाही.