वर्गात अ‍ॅप की खुणा?

जळगाव-धुळ्याकडच्या शाळेत कर्णबधिर मूल ऐकणाऱ्या मुलांसोबत बसतं, तेव्हा शिक्षकांपुढे दोन स्वस्त पर्याय असतात: बोलणं अक्षरांत उमटवणारं अ‍ॅप किंवा सगळ्या वर्गाने खुणा शिकणं.

गुगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ २०१९मध्ये आलं आणि ते मराठीही लिहितं. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवत असल्या तरी वाक्य पडद्यावर दिसतं. सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला हे फारच उपयोगी. पण दुसरीतलं मूल धावती अक्षरं कशी वाचणार? त्यात पंख्याची घरघर, दहा जणांचा एकदम गलका. शिवाय मधल्या सुट्टीत पोरं अहिराणीत बोलतात. ‘काय करी राहिना रे?’ याचं अ‍ॅप मराठीत भलतंच काहीतरी करून टाकतं.

खुणा शिकायला ‘साइन लर्न’ हे अ‍ॅप २०२२मध्ये आलं. त्यात भारतीय सांकेतिक भाषेतल्या १०,००० शब्दांचे व्हिडिओ आहेत. शोध हिंदी-इंग्रजीतून घ्यावा लागतो, म्हणजे केळीसाठी ‘केला’ टाकायचं. रोज परिपाठात पाच खुणा घेतल्या, तर वर्ग आपसात बोलू लागतो. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला निरोप जातो, तिथे फोनची गरजच नाही. धडा समजावायला मात्र सुटे शब्द पुरत नाहीत, त्यासाठी ही भाषा येणारं माणूसच हवं.

प्राथमिक वर्गांसाठी मी बिनदिक्कत खुणा निवडेन. बोलणं लिहिणारं अ‍ॅप पाचवीनंतर, वाचन पक्कं झाल्यावर. आणि खुणा तेव्हाही चालूच राहाव्यात.